उजवा खांदा

सुरैया ओले केस टॉवेलात गुंडाळून बाहेर आली, तर आमिर कपाटाच्या आरशासमोर खुर्ची टाकून बसलेला. मॉपचा दांडा खांद्याला लावलेला, डावा डोळा मिटलेला, आणि मॉपच्या चिंध्या काखेतून खाली लोंबत होत्या.

"अवो, त्याने मना लादी पुसायची हाय," ती म्हणाली. "गोळ्या संपल्या असतील तर द्या हिकडं."

आमिरने दांडा भिंतीला टेकवला. घड्याळात साडेसहा. दुकानातलं गिऱ्हाईक मुनीरा आठला त्याला नेमबाजीच्या रेंजवर न्यायला येणार होती. त्याने खिशातलं सिव्हिल आयडीचं कार्ड तिसऱ्यांदा चाचपलं, खिडकीशी गेला, आखातातल्या एगैलाच्या रिकाम्या शुक्रवारच्या रस्त्यात बघण्यासारखं काही नव्हतं ते बघून परत आला.

"बसा एका जागी. लग्नाच्या दिवशीसुद्धा असे फिरला नव्हता."

"त्या दिवशी धक्का किती बसेल ते कुठं ठाऊक होतं?"

राई भागातल्या बंदुकांच्या दुकानात त्याला एकोणीस वर्षं झाली होती. रायफलीवर दुर्बीण बसवायची तर गिऱ्हाइकं त्याच्याच हातची मागत. नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट काढून, रायफल लाकडी घोडीवर ठेवून तो मोकळ्या नळीतून समोरच्या गोदामाच्या भिंतीवरचा काळा ठिपका बघे. ठिपका नळीच्या मधोमध आला की रायफल केसभरही न हलवता दुर्बिणीची फुली त्याच ठिपक्यावर आणून ठेवी. पहिली गोळी कागदावर पडणारच, ही त्याची हमी होती. पण परवाना गिऱ्हाइकाच्या नावाचा असे. आमिरच्या नावाचा होता तो फक्त अकामा, इथे राहून काम करण्यापुरता. एकोणीस वर्षांत त्याने एक गोळी झाडली नव्हती.

हे त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. दापोलीकडच्या गावात तो बंदूकवाला आमिर होता. एका सुट्टीत कुणी विचारलं, नेम लागतो काय रे? तो नुसता हसला. पुढचं काम सुरैयाने आणि गावी असलेल्या तिच्या जावेने, झुलेखाने, फोनवरून केलं. गेल्या ईदेला तो गावी गेला तोवर त्याने म्हणे दोऱ्याला टांगलेल्या अंगठीतून गोळी आरपार काढलेली होती, आणि अंगठी हललीसुद्धा नव्हती.

जूनमध्ये कायमचं परतायचं होतं. उरलेला जन्म त्या अंगठीखाली काढायचा, या विचाराने त्याला घाम फुटे.

मुनीरा इथलीच, दातांची डॉक्टर. दोन वर्षं क्लबच्या लहान रायफलीवर हात बसवून आता स्वतःची पहिली मोठी रायफल घ्यायला आली होती. हैदराबादी आयाच्या मांडीवर शिकलेलं हिंदी बोलायची, आणि मुलाचं नाव नौमान म्हणून आमिरला अबू नौमान, नौमानचा बाप, म्हणायची. त्याने दोन काडतुसं उलटी करून तिच्या तळहातावर ठेवली.

"हे तुमचं लहान. यात पिन काठावर आपटते. आणि ह्या मोठ्याच्या बुडाला मधोमध टिकली आहे बघा, ती फुटते."

"और धक्का?"

"कुशीत झोपलेल्या बाळाने लाथ मारावी, तेवढाच," आमिर म्हणाला. हे वाक्य तो एकोणीस वर्षं म्हणत आला होता.

रायफल पक्की झाल्यावर ती म्हणाली, "जुम्मे को साथ चलो. पहली गोली आप चलाना."

परवान्याशिवाय घोड्याला बोट लावू नये, असा चार भाषांतला कागद त्याच्या डोक्यामागेच चिकटवलेला होता. त्यानेच चिकटवला होता. तो म्हणाला, "इन्शाल्ला." तेव्हापासून चार दिवसांत रिंगरोडवर त्याचा दोनदा एक्झिट चुकला.

रेंजवर ऊन तापायच्या आधीची बारीक धूळ होती. शंभर मीटरवर कागद टांगलेला. त्यांच्या मेजाशिवाय बाकीची मेजं रिकामी. रेंजचा कॅप्टन इजिप्तचा होता, पन्नाशीचा, पोट सुटलेला. त्याने मुनीराचा परवाना तपासला आणि तसाच परवाना मागायला आमिरकडे हात केला.

"रुखसा?"

आमिरने रिकामा हात दाखवला. कॅप्टनने मान हलवली आणि मुनीराला खुर्ची दाखवली. झालं. आमिर दोन पावलं मागे सरला. चार दिवसांची धडधड अशी एका शब्दात संपली म्हणून त्याला आधी हलकंच वाटलं, आणि मग फार वाईट.

मुनीराने वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवली. आवाज कानावरच्या टोप्यांतूनही छातीत आला. कॅप्टनने दुर्बिणीतून कागद पाहिला.

"मधल्या ठिपक्यापासून दोन बोटं. पहिलीच गोळी? कुणी बसवली दुर्बीण?"

पण मुनीरा कागदाकडे बघत नव्हती. खांदा धरून ती आमिरकडे वळली होती.

"अबू नौमान, किसका बच्चा था वो? ये तो गधे की लात है!"

आमिर वाळूची पिशवी नीट करायला वाकला.

"आपने कभी चलाई है ये?"

"नाही," तो म्हणाला. "ही नाही. कुठलीच नाही."

एवढं बोलायला एकोणीस वर्षं लागली होती, आणि रेंजवर काही पडझड झाली नाही.  मुनीरा उठली, कॅप्टनशी हळू आवाजात अरबीत बोलली. कॅप्टनने आमिरला नखशिखांत पाहिलं. पांढरी दाढी पाहिली, खास इस्त्री केलेला शर्ट पाहिला.

"एकच गोळी," तो म्हणाला. "मी चहा ओततोय." आणि पाठ करून थर्मासशी गेला.

आमिर बसला. दस्ता खांद्याच्या खोबणीत घेतला. गाल टेकवला. दुर्बिणीत फुली आणि ठिपका एक झाले, आणि एकच राहिले. बोल्ट पुढे ढकलला. टिकलीवाली गोळी नळीत गेली.

त्याने दुसरा डोळा उघडला. कॅप्टन अजून पाठमोरा होता. एक कप चहा ओतायला इतका वेळ लागत नाही. त्याच्या युनिफॉर्मची कॉलर झिजून उलटी करून शिवलेली होती, बायकोच्या हातच्या बारीक टाक्यांनी. सुरैयाही तशीच शिवायची. याचाही अकामा कुणाच्या तरी टेबलावर असेल, एका तक्रारीसरशी रद्द व्हायला, याच्याही घरी कुणी जून मोजत असेल. आणि हा माणूस एका अनोळख्यासाठी भिंतीकडे तोंड करून उभा होता.

आमिरने बोल्ट मागे ओढला. अख्खं काडतूस बाहेर आलं. त्याने ते मेजावर उभं करून ठेवलं.

"कॅप्टन," त्याने हाक मारली, "मलाही द्या थोडा चहा."

कॅप्टन वळला. त्याने मेजावरचं काडतूस पाहिलं, आणि आपला कप आमिरपुढे केला.

जुम्म्याची नमाज करून आमिर घरी आला तेव्हा सुरैयाने लसूण घालून तेल कोमट करून ठेवलं होतं. "काढा शर्ट," ती म्हणाली. "मना ठाव हाय, मोठ्या बंदुकीने खांदा उतरतो."

तो काहीतरी बोलणार होता. तिने बसवलंच. तिची बोटं उजव्या खांद्यावर आली, खोबण दाबली, हाडाच्या कडेने फिरली, पुन्हा खोबणीत आली. कातडी नितळ, साधी. कुठे लाली नाही, सूज नाही. बोटं क्षणभर थांबली.

"हितं?" तिने विचारलं.

"थोडं वर," आमिर म्हणाला.

वाटीतलं तेल संपेपर्यंत तिने खांदा चोळला. मग हात पुसून, चहाचा कप त्याच्या हातात देऊन ती स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने तिचा फोनवरचा आवाज आला.

"हां गे झुलेखा, आजच. खांदा काळानिळा झालाय निसता. हात वर होत नाय. बोलतात कुठं ते, तुला म्हायती हाय ना."

आमिरने कप उजव्या हातातून डाव्या हातात घेतला.