पालखीचा मागचा खांदा

हे कुणाच्या बापाला खरं वाटणार नाही, मला ठाऊक आहे. तरी सांगतो. औंदाच्या चैत्री पुनवेला आमच्या कारवटवाडीत भैरोबाची पालखी निघाली, आणि तिला मागून खांदा दिला तो एका गव्याने. रानातल्या. शिंगं अशी, की मधे पाळणा बांधावा.

कडेगावच्या वसाहतीत, समाजमंदिराच्या पायरीवर बसून मी हे म्हणालो तेव्हा सगळे हसले. हसू दे. हसणारा माणूस निदान उठून जात नाही.

आमची वाडी पाटणच्या वर, डोंगरात. सरकारने तिथली घरं उठवून इथे उसाच्या मुलखात वसवली, त्याला बरीच वर्षं झाली. मी खाली आलो नाही. राहीबाईही आली नाही. दोन चुली आणि एक देव, एवढीच वाडी उरली. यात्रेला मात्र वसाहत टेम्पो भरून वर यायची, पालखी शिवेवरून फिरवायची, जेवून परतायची. औंदा कुणाला सवड झाली नाही. आणि गेल्या साली यांनीच ठरवलेलं, की ज्या वर्षी पालखी हलणार नाही त्या वर्षी देव खाली आणायचा. नवं देऊळ बांधून तयार आहे, चकचकीत फरशीचं. देव गेला तर वर मी बोलायचं कुणाशी? झाडं ओ देत नाहीत. देवही देत नाही म्हणा, पण तो ऐकतो असं समजायची सोय आहे.

"आवं नाना, पालखीला दोन खांदं तरी लागत्यात," ऋषिराज म्हणाला. तो देवस्थान कमिटीचा अध्यक्ष. त्याला मी उघडानागडा ओढ्यात डुंबताना पाहिलंय. "तुमी एकल्यानं कशी काढली?"

"एकला कुठं? राहीबाई व्हती की."

"म्हातारीनं दांडा उचलला?"

"ती आरती घिऊन म्होरं. पुढचा खांदा माजा. मागचं टोक भुईला घासत चाललं, तवर झऱ्यावरनं गवा आला. मान खाली घातली, दांडा पाठीवर घेतला आन् उभा ऱ्हायला. मी म्हटलं, चल. चालला."

"राहीबाई भ्याली न्हाई?"

"ती कशाची भितीय! गव्यालाच दम दिला. 'ए मुडद्या, देवाला हिसका बसतोय, बेतानं चाल. आन् शेपूट हालवू नगंस, निरांजन इझंल.' गड्यानं शेपूट आवरलं."

बायका हसून वाकल्या. मग मी पालखी वाडीत फिरवली.

"रस्ता मी दावलाच न्हाई. गवा आपसूक दारादारात थांबायचा. दारं कसली? कुठं चौकट हाय, कुठं नुस्ता उंबरा. सगळ्यात घाणेरी माजलीय. पालखी थांबली की त्या घरातनं पाण्याचा तांब्या घिऊन कुणीतरी यायचं, ठाऊक हाय न्हवं? कुणी आलं न्हाई. मग राहीबाईच उंबऱ्यावर चढायची, त्या घरच्या बाईचं नाव घ्यायची आन् तिच्या वतीनं ओवाळायची. ऋषिराज, तुज्या आजीचं नाव घेतलं. तिथं गवा लय येळ थांबला. हलंना."

आता कुणी हसत नव्हतं. ऋषिराजने मोबाईल खिशात घातला.

"गव्याचं ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "पर पालखी फिरली, आन् बघायला दुसरं माणूस व्हतं, म्हंजे फिरलीच. देव वर ऱ्हाईल. काय वो?"

दोनचार माना हलल्या. मी चहाची कपबशी उचलली. चहा बशीत ओतला.

तवनाप्पा पलीकडे भिंतीला टेकून बसला होता. तो वसाहतीतला नाही. शेजारच्या मळ्याचा जैन शेतकरी, शेंगा घेऊन शिराळ्याच्या बाजाराला जातो. आमच्या देवाचं त्याला काही देणंघेणं नाही. चहाला म्हणून थांबलेला.

"कारवटवाडीची राहीबाई म्हंजे," तो म्हणाला, "हनुवटीवर गोंदण, डाव्या डोळ्याला पट्टी, तीच न्हवं?"

"पट्टी?" मी म्हणालो. "पट्टी कसली?"

"आवं, डोळ्याचं आप्रेशन झालं की तिचं! शिमग्याच्या आदीपासनं शिराळ्यात हाय, लेकीकडं. बाजाराला येती, माज्याकडंच शेंगा घेती. डोंगरातलं कुणी भेटलं का म्हणून इचारती. वर एकलंच माणूस ऱ्हायलंय म्हणती, त्येला भाकरी कोण घालत आसंल."

ऋषिराज माझ्याकडे बघत होता. सगळेच बघत होते. तवनाप्पाच्या उशिरा ध्यानात आलं, की आपण काहीतरी बोलून बसलो. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली.

"गवा आसंल, नाना," तो म्हणाला. "गव्याला मी न्हाई म्हणत न्हाई. पर राहीबाई न्हवती."