चार बोटं

“फ्रेड ओरडायचा थांबला ना, की मग जाऊन बघ त्याला,” कुंपणापलीकडून शेजारच्या लुकेरिया त्योत्या म्हणाल्या. आमच्या जुन्या रशियन बोलीत त्योत्या म्हणजे मावशी, द्याद्या म्हणजे काका. हातात नुकतीच उपटलेली बीटं होती, मातीसकट. “ओरडतोय तोवर त्याला काही झालेलं नसतं.”

मी हसले. पोटात मायलो लाथा मारत होता आणि त्यांच्या गॅरेजमधून त्यांच्या नवऱ्याचा, फ्रेड द्याद्यांचा, आवाज घुमत होता. “लुकेरिया! टेप धरायला येतेस, का बर्फ वितळल्यावर येणार?”

“थांबले ओरडायचे तर सुटलात म्हणायचं की तुम्ही,” मी म्हणाले.

त्योत्या हसल्या नाहीत. बीटं पायरीवर ठेवून, हात झटकून आत गेल्या. मार्चमध्ये त्या वारल्या. तेव्हा मायलो दोन महिन्यांचा होता. मी त्याला दर सोमवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून वजन लिहून ठेवत असे, आणि तो शिंकला तरी नर्सला फोन करत असे. त्योत्यांचं ते बोलणं कुठल्या कुठे विसरून गेले होते.

त्या वर्षी नोव्हेंबरात द्याद्या कुंपणाशी आले. “नॅडीन!” अख्ख्या खोऱ्याला ऐकू जाईल अशी हाक. “ते पोर बांध कुठंतरी आणि ये. टेप धरायचीय.”

मी मायलोला छातीशी बांधून गेले.

ते काम एकट्या माणसाला होत नाही. डोंगर चढायच्या स्नोमोबाईलची, म्हणजे बर्फावरच्या गाडीची, मागची स्प्रिंग चालवणाऱ्याच्या वजनावर बसवावी लागते. बूट, जाड कोट, हेल्मेट, पाठीवर फावडं आणि पाण्याची पिशवी, असं सगळं चढवून माणूस गाडीवर बसतो, आणि गाडी मागून किती दबली ते दुसऱ्यानं मोजायचं. बसणाऱ्यानं वळून बघायचं नाही. वळलं की वजन सरकतं आणि माप चुकतं.

“किती?” समोरच्या भिंतीकडे बघत द्याद्यांनी विचारलं.

“थांबा हो. टेप उलटी धरलीय मी.”

“कॉलेजात काय शिकवलं तुला?”

“बेडूक कापायला शिकवलं.”

“लुकेरिया टेप नाही लावायची. बोटं लावायची. चार बोटं दबली पाहिजे. जास्त दबली तर चढावर नाक आभाळात जातं. कमी दबली तर मागचा पट्टा बर्फच धरत नाही. जागच्या जागी फिरतो आणि तुझी कबर तुलाच खणून देतो.”

मी बोटं लावली. बरोबर चार होती.

“बास,” ते म्हणाले. “आता जा. पोराला थंडी लागेल. उभी काय राहिलीस?”

वर खिंडीत वाट चुकलेल्यांसाठी लाकडी झोपडी आहे. तिच्या छपरावरचा बर्फ वेळच्या वेळी उपसला नाही, तर छप्पर खाली येतं. लाकडाची गिरणी चालू होती तेव्हा या कामाला डझनभर माणसं असत. गिरणी बंद पडली, माणसं पांगली, आणि काम द्याद्यांकडे राहिलं. शेवटचा चढ असा उभा आहे की तिथे गाडी रुतली तर फोनही लागत नाही. त्या हिवाळ्यात ते एकटेच ये-जा करत राहिले. ते परतल्याचा गाडीचा आवाज आला की मी खिडकीतून दूर होत असे.

पुढच्या नोव्हेंबरात हाक आली नाही.

खिंडीत बर्फ पडला होता. दुपारी गॅरेजमध्ये दिवा दिसायचा. त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी बोलावलं असेल, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर थोडं लागलंच. माझा नवरा डॅरेन खाणीच्या कॅम्पवर होता. आठवडाभरात माझ्याशी बोललेला मोठा माणूस म्हणजे दुकानातली कॅशियर, तीही ‘पिशवी हवी का?’ एवढंच. शेवटी मी बोर्श सुपाची बरणी घेतली, मायलोचा हात धरला आणि न बोलावता गेले.

दार उघडंच होतं. गाडीवर द्याद्या बसले होते. केशरी कोट, हेल्मेट, पाठीवर पिशवी. मायलोनं आनंदानं हात हलवला. “द्या!”

गाडीवरचे द्याद्या हलले नाहीत. गाडीमागून, जमिनीवरून, दुसरे द्याद्या उठले. हातात टेप होती.

कोटाच्या आत कोंबड्यांच्या खाद्याची पोती होती. एकावर एक रचून दोरीनं बांधलेली. वर हेल्मेट ठेवलं होतं, काच खाली ओढून.

“हा बरा पडतो,” ते पोत्यांकडे हात करून म्हणाले. “बडबड करत नाही. टेप उलटी धरत नाही.”

“मला का नाही हाक मारलीत?”

“तुझं पोर लहान.”

“गेल्या वर्षी याहून लहान होतं.”

त्यावर ते ओरडले नाहीत. “हं,” म्हणाले आणि गाडीखाली वाकून पुढची वादी दाखवायला लागले. चढावर नाक उचलू नये म्हणून ती एक भोक आखडून घेतली होती. मी वादीकडे बघत नव्हते. वाकलेल्या द्याद्यांची पँट दोन पट्ट्यांनी खांद्याला टांगलेली होती, आणि कमरेशी इतकी सैल की तिच्यात मायलो मावला असता. सोमवारी सोमवारी काट्यासमोर उभं राहून चमचाभर वजनाची काळजी करणारी मी, आणि कुंपणापलीकडे हे.

फ्रेड ओरडायचा थांबला ना, की मग जाऊन बघ त्याला.

“द्याद्या, पोती किती ठेवलीत?”

“माझ्या वजनाइतकी.”

“कधीच्या वजनाइतकी?”

ते उभे राहिले. हात फडक्याला पुसायला लागले.

“पोती काढा,” मी म्हणाले. “तुम्ही बसा.”

“तू आता मला शिकव.”

“बसा. मी धरते टेप.”

“नॅडीन, घरी जा.”

मी मायलोला लाकडाच्या ढिगाशेजारी बसवलं, हातात खिशातल्या पिराहीचा, बटाटा भरलेल्या भाजक्या करंजीचा, तुकडा दिला आणि पोत्यांची दोरी सोडायला लागले. द्याद्या बघत राहिले. मग त्यांनी स्वतःच कोट ओढून घेतला, अंगात चढवला. पिशवी पाठीला लावली, हेल्मेट घातलं. चढून बसताना त्यांना दोनदा थांबावं लागलं. बसल्यावर त्यांनी समोरच्या भिंतीकडे तोंड केलं.

मागे वाकून मी बोटं लावली.

“किती?”

मी चार म्हणाले असते, तर ते खूश झाले असते. उद्या सकाळी खिंडीत गेले असते. आणि शेवटच्या चढावर पट्ट्यानं जागच्या जागी खड्डा खणला असता.

“दोन,” मी म्हणाले.

“नीट बघ.”

“दोनच आहेत, द्याद्या. दोनसुद्धा ओढूनताणून.”

हेल्मेटच्या काचेवर वाफ आली होती. ती त्यांनी पुसली नाही. मायलो पिराहीतलं बटाट्याचं सारण काढून जमिनीवर थापत होता.

“उन्हाळ्यापासून,” ते भिंतीला म्हणाले. “पोटात काही टिकत नाही. आधी वाटलं, माझ्या हातचंच खाऊन खाऊन असेल.”

“डॉक्टर?”

“खाली उतरायला दीड तास. मग बसवून ठेवतात. मग म्हणतात, बरोबर कोण आलंय?”

फळीवरून पाना काढून मी त्यांच्यापुढे धरला. त्यांनी स्प्रिंगच्या कडीला पाना लावला, जोर केला. कडी हलली नाही. पुन्हा केला. मग पाना माझ्याकडे सरकवला.

“दोन फेरे सैल कर.”

पाना हातात घेऊन मी बसून राहिले. “गुरुवारी खाली जायचं. मोटार मी चालवते. बरोबर कोण आलंय विचारलं, तर मी सांगेन.”

“आणि छप्पर?”

“छपराला डॅरेन येईल तुमच्याबरोबर.”

“डॅरेनला फावड्याची कुठली बाजू वर ते तरी माहितीये?”

“तुम्ही सांगा त्याला. गुरुवारी येताय का?”

“अगं बाई, आधी ती कडी फिरव!” ते इतक्या जोरात ओरडले की मायलो दचकून रडायला लागला. मला मात्र इतकं बरं वाटलं की पाना हातातून निसटला.

गुरुवारी आम्ही गेलो. डॉक्टरांनी जे सांगितलं ते द्याद्यांना बहुधा माहीत होतं. परतताना ते मला रस्ताभर गिअर कधी बदलायचा ते सांगत होते.

त्या हिवाळ्यात ते एकदाच वर गेले, फेब्रुवारीत. पुढे द्याद्या, मागे डॅरेन. डॅरेन सांगतो, शेवटचा चढ त्यांची गाडी एका दमात चढली, मांजर भिंतीवर चढतं तशी. डॅरेननं छप्पर उपसलं, आणि द्याद्या खाली गाडीवर बसून तासभर त्याला शिव्या देत होते. मे महिन्यात ते गेले. त्योत्यांच्या शेजारी त्यांना ठेवलं, तेव्हा आमच्या समाजातल्या म्हाताऱ्या बायकांनी जुनी स्तोत्रं गायली. जेवणाला बोर्श होतं, आणि मायलोनं दोनदा मागून घेतलं.

स्नोमोबाईल त्यांनी मला ठेवली. “शेवटी तुझ्याच वजनाचा झालो मी,” असं शेवटच्या आठवड्यात म्हणाले होते. “स्प्रिंगला हात लावू नको. तुझ्या मापाला बसलेली आहे.”

काल खिंडीत बर्फ पडला. दुपारी मायलो झोपल्यावर मी गॅरेज उघडलं. बूट घातले, त्यांचा केशरी कोट चढवला, हेल्मेट, पिशवी. गाडीवर बसले. गाडी खाली गेल्याचं जाणवलं. किती गेली ते कळायला मागे कुणी हवं होतं. डॅरेन कॅम्पवर. टेप मागच्या दांडीला लटकत होती. वळलं की माप चुकतं, म्हणून मी समोरच्या भिंतीकडे बघत तशीच बसून राहिले, मायलो उठेपर्यंत.

तुमच्याही शेजारी कुणीतरी असेल, वर्षातून एकदा काहीतरी धरायला बोलावणारं, ज्यानं यंदा बोलावलं नाही. फोन करू नका. फोनवर सगळे ठीकच असतात. काहीतरी निमित्त काढा, बरणी घ्या, पोर घ्या, आणि आत जा. उजेड आहे तोवर जाऊन या.