पवनबाबाचा उलटा दोरा

नांदगाव खंडेश्वरच्या अलीकडं जिथं रस्ता ताणून बांधलेल्या दोरीसारखा सरळ जातो, तिथं त्या रविवारी एवढी माणसं जमली होती की कडेच्या बाभळीवर कावळ्यांना बसायला जागा नव्हती. तिथं माणसं बसली होती. काट्यांची कोणाला फिकीर नव्हती, कारण खाली चमत्कार होणार होता आणि चमत्कार बघताना काटा टोचला तर तो पुण्यात धरतात.

रस्त्याच्या मधोमध पवनबाबांची पांढरी जीप उभी होती. मागून कपाटासारखी सपाट. चेल्यानं तिच्या मागच्या काचेच्या मधोमध मंतरलेले काळे दोरे एका टोकानं चिकटवले, दुसरी टोकं खाली लोंबती सोडली. बाबा बोनेटवर चढले. पोट आधी चढलं, मग बाबा.

"वाऱ्याचं काम काय?" बाबांनी विचारलं.

"मागं ओढाचं," गर्दी म्हणाली.

"आन सीटखालच्या माह्या यंत्राचं काम? पुढं न्याचं. गाडी पळन तसा वारा मागं पळन. पण माह्ये दोरे वाऱ्याचं ऐकत नाईत. थे फक्त माह्यं ऐकतात."

जीप सुटली. मागून निम्मं गाव मोटारसायकलींवर. आणि खरंच सांगतो, जीपनं वेग घेतला तसे दोरे मागं फडफडायचं सोडून काचेला चिकटले आणि नागानं फणा काढावा तसे छपराकडं वर वर चढायला लागले. वाऱ्याच्या विरुद्ध. एका मोटारसायकलवाल्यानं हँडल सोडून हात जोडले आणि तो सरळ तुरीच्या वावरात गेला. त्यालाही लोकांनी बाबाचाच साक्षात्कार मानला.

या गर्दीत सगळ्यात पुढं खुशालराव उभे होते. चांगले काळ्या मातीचे धनी, बोलणं रांगडं, छाती रुंद, पण मागच्या वर्षापासून त्या छातीत एक धडकी बसली होती. तिचं कारण त्यांची मुलगी दामिनी.

दामिनी अमरावतीला यंत्राचं शिक्षण घेऊन तिथंच एका वर्कशॉपात लागली होती. घरची जुनी मारुती आठशे तिनं खोलून पुन्हा जोडली आणि अकोल्याच्या माळावर हौशी लोकांची मोटार शर्यत भरते तिथं न्यायला लागली. मातीत रंगीत शंकू मांडलेले असतात, त्यांच्यामधून एकेकानं गाडी पळवायची, कमी वेळ लागेल तो पहिला. मागच्या वर्षी लांब वळणावर गाडीचं मागचं अंग हलकं झालं, घसरलं, आणि गाडी चक्रीसारखी फिरून आल्या वाटेकडं तोंड करून उभी राहिली. दामिनी हसत उतरली. खुशालरावांना मात्र लोकांनी धरून सावलीत बसवलं.

त्यावर उपाय म्हणून दामिनीनं यंदा घरच्या घरी एक पंख केला होता. दुकानाच्या जुन्या पाटीचा ॲल्युमिनियमचा पत्रा, आत प्लायवुडच्या फासळ्या, बाजूनं रिबिटा. फुगीर पोट खालच्या अंगाला. गाडीच्या डिकीवर दोन पायांवर तो उभा केला की खालून वाकून पाहणाऱ्याला 'साडी सेंटर' असं अजून वाचता येई.

"हे काय शेपूट लावलं व?" खुशालरावांनी विचारलं होतं.

"भाऊ, विमानाचा पंख उलटा लावला असं समजा." दामिनी बापाला भाऊच म्हणायची. "विमानाचा वर उचलते. हा खाली दाबते. जास्त नाई, पण वळणावर मागची चाकं जमीन सोडत नाईत."

"विमानाचा पंख उलटा लावला तं विमान पडन ना मंग?"

"हाव. म्हून तं लावला."

या उत्तरानं बापाच्या जिवाला शांती मिळावी असं त्यात काही नव्हतं. म्हणून चमत्कार बघितल्यावर खुशालरावांनी बाबांचे पाय धरले. बाबांनी मोबाइलवर पंखाचा फोटो पाहिला आणि डोळे मिटले.

"हे शेपूट वाऱ्याले लाथ मारते. काढून टाक. सीटखाली आपलं वायुयंत्र ठेव. नाई तं पोरगी..." आणि पुढं बाबा बोललेच नाहीत. बोलले असते तर खुशालरावांनी कदाचित वाद घातला असता. न बोललेल्या वाक्याशी कोण वाद घालणार?

देणगी ऐपतीप्रमाणे होती. ऐपत किती ते बाबाच सांगायचे. वायुयंत्र म्हणून मिळालेली, नऊ घरं कोरलेली तांब्याची पट्टी घेऊन खुशालराव घरी आले, पाना घेतला, पंख उतरवला आणि तुराट्यांच्या गंजीत खुपसून ठेवला.

शनिवारी दामिनी आली. गाडीकडं पाहिलं, बापाकडं पाहिलं, मग आईला विचारलं, "आई, गाडीचं शेपूट कोणी नेलं व?"

पार्वताबाई भाकरी थापत होत्या. "मले काय इचारतं? त्याइले इचार. रविवारपासून गंजीजवळ कोणाले जाऊ देऊन नाई राहिले. बकरीले बी हाकललं."

खुशालराव उखडले. "आता पुढच्या हप्त्यात अकोला हाये ना? गाडी यंत्र ठेवून जाईन, नाई तं जाणार नाई. मी तुले फिरताना पाह्यलं. तू नाई पाह्यलं. तू आत होती."

बापाचा आवाज कापला होता आणि तो दामिनीनं ऐकला होता. मग ती शांतपणे म्हणाली, "ठीक हाये. उद्या बाबा पुन्हा येतात ना? त्याइच्यासमोर तपासू. यंत्र खरं निघालं तं मी शर्यत सोडतो, गाडी इकून टाका. खोटं निघालं तं शेपूट तुमी तुमच्या हातानं लावाचं."

खुशालरावांनी मान हलवली. जिंकायची खात्री होती, म्हणून उदारपणे हलवली.

रविवारी गर्दी आणखी वाढलेली. दामिनीनं बाबांना वाकून नमस्कार केला, आणि इतक्या गोड आवाजात बोलली की पार्वताबाईंना पोरीला ताप आला की काय वाटलं.

"बाबा, तुमच्या दोऱ्याच्या बाजूले एक साधा दोरा लावू का? आईच्या शिवणाच्या डब्यातला हाये. लोकाइले फरक दिसन."

बाबा प्रसन्न झाले. जीप पळाली. मंतरलेले दोरे वर चढले. शिवणाचा दोराही त्यांच्या जोडीनं वर चढला, चार बोटं जास्तच.

गर्दीत कुजबुज झाली. बाबा हसले. "पाह्यलं? माह्या दोऱ्याशेजारी बसला, त्याले बी वळण लागलं."

टाळ्या.

"मंग जीपमधलं यंत्र बाहेर काढून पाहू," दामिनी म्हणाली. यंत्र नत्थुजींच्या हातात दिलं. नत्थुजी म्हणजे बाबांचा गावातला सगळ्यात मोठा भक्त. त्यांनी यंत्र लेकरासारखं छातीशी धरलं. जीप गेली, आली. दोरे वरच.

"सीटमंधी कृपा मुरली हाये," बाबा म्हणाले. "डब्यातून हिंग काढला तं वास जाते काय?"

पुन्हा टाळ्या, पण या वेळी बाभळीवरच्या माणसांनी वाजवल्या नाहीत. ते काट्यांवर होते, त्यांचा धीर आधी सुटला.

तेवढ्यात गर्दीमुळं अमरावतीकडं जाणारी एसटी येऊन थांबली. दामिनीनं वाट पाहिली नाही. चिकटपट्टी घेऊन गेली आणि बसच्या पाठीला शिवणाचे दोरे लावायला लागली. ड्रायव्हर नागसेन खिडकीतून वाकले.

"ओ ताई, काय बांधून राहिल्या? लिंबू असन तं पुढून बांधा."

"काका, दोरेच हाये. पुढच्या फाट्यापर्यंत घेऊन जा फक्त."

"नेतो नेतो. तिकीट नाई लागत दोऱ्याले."

दामिनी गर्दीकडं वळली. "ही गाडी बाबानं पाह्यली नाई, मंतरली नाई. मागून जाऊन कोण पाहीन? मी नाई जात. नत्थुकाका, तुमी जा. आन भाऊ, तुमी."

झालं. नत्थुजींची मोटारसायकल, मागं खुशालराव, पुढं एसटी. बस रस्त्याच्या कच्च्या कडेवरून वर आली आणि मागं धुळीचा असा लोट उठला की नत्थुजींनी "जय पवन..." म्हणायला तोंड उघडलं ते मातीनं भरून मिटलं.

खुशालरावांनी डोळ्यांवर दुपट्ट्याचा पदर धरला आणि फटीतून पाहिलं. बसनं वेग घेतला. दोरे हलले, वळवळले, आणि पत्र्याला चिकटून सरळ वर चढले.

"नत्थू, पाह्यलं काय?"

"मले काई दिसून नाई राहिलं गा. मी थुंकून राहिलो."

खुशालराव पाहतच राहिले. दोऱ्यांकडं नव्हे, त्यांच्या भोवतीच्या धुळीकडं. बसच्या मागच्या काचेवर बोटभर धूळ होती आणि तिच्यात कुठल्या तरी पोट्ट्यानं बोटानं 'अंकुर' असं नाव लिहिलं होतं. खुशालरावांच्या डोक्यात काहीतरी खटकन बसलं. ही धूळ इथं आली कशी? चाकांखालून उठली, बस तर पुढं पळते, मग धूळ मागं राहायला पाहिजे. ती वळून, बसचा पाठलाग करून काचेवर येऊन बसली. रोज बसते. प्रत्येक गाडीवर बसते. आपण स्वतः तिवशाहून आलो की घरच्या गाडीची मागचीच काच आधी पुसतो. पुढच्या काचेवर कोणी नाव लिहिलेलं आपण जन्मात पाहिलेलं नाही.

"वापस घे," ते नत्थुजींना म्हणाले.

ते दोघं परत आले तेव्हा अंगावरून कोण खुशालराव आणि कोण नत्थुजी ते ओळखू येत नव्हतं. एका मातीच्या माणसानं बोलायला सुरुवात केली म्हणून खुशालराव कळले.

"बसचे दोरे बी चढले."

"ड्रायव्हर माहा भक्त असन," बाबा म्हणाले.

दुसरा मातीचा माणूस खाकरला. "थो तं मले फाट्यावर इचारे, हा बोनेटवर बसलेला बुवा कोण हाये म्हून."

पहिल्यांदा कोणीतरी हसलं. मग बाभळ हसली.

"आन धूळ?" खुशालराव म्हणाले. "थे बी तुमची भक्त हाये काय बाबा? थे बी वळून मागून येऊन काचेवर बसते. तुमी जन्मले नव्हते तवापासून बसते."

दामिनीनं मग सगळ्यांना समजावलं. गाडी हवा फाडत पुढं जाते. सपाट पाठीमागची जागा एकदम रिकामी होते. ती भरायला आजूबाजूची हवा झपकन आत वळते, भोवरा करते आणि काचेवरून वर चढते. धूळ तिच्यासोबत, दोरा तिच्यासोबत. मंतरलेला असो की शिवणाचा. तिनं बाबांचाच एक दोरा काढून जीपच्या बाजूच्या पत्र्यावर लावला आणि चेल्याला गाडी पळवायला सांगितली. दोरा मुकाट मागं लोळला. बाबांचं काहीएक न ऐकता.

"मी बी दोरे लावतो," ती म्हणाली. "पंखाच्या पोटाले लावले होते. भाऊले वाटलं नजर उतरवून राहिली. दोरे सरळ चिकटून राहिले तं हवा पंखाले धरून हाये. गुंता झाला तं पंख जास्त तिरपा बसला, तिरपेपणा थोडा कमी कराचा. पयल्या दिवशी गुंताच झाला होता. तवा मी तिरपेपणा कमी केला. दोऱ्याले दोष नाई देल्ला."

बाबा कधीकाळी ट्रकवर क्लीनर होते, हे पुढं कळलं. मागं लोंबणाऱ्या ताडपत्रीच्या दोऱ्या पाहून त्यांना हे सुचलं असणार. म्हणजे नजर तर दामिनीसारखीच चांगली होती. एकीनं ती पंख करायला वापरली, आणि एकानं पोट भरण्यापलीकडं कशालाच वापरली नाही. जीप त्या दिवशी उजेडीच निघून गेली. मागच्या काचेवर दोरे तसेच होते आणि ते वर चढत होते, पण हात कोणी जोडले नाहीत. नत्थुजींनी तर आपल्याकडं राहिलेली यंत्राची पट्टी गोठ्याच्या कडीला ठोकून टाकली. कडी ढिली होती.

खुशालरावांनी गंजीतून पंख काढला, धडप्यानं पुसला आणि स्वतःच्या हातानं बसवला. प्रत्येक नट दोन-दोनदा आवळला.

अकोल्याला लांब वळणावर गाडी आली तेव्हा खुशालरावांनी डोळे मिटायचे ठरवलं होतं. पण मिटले नाहीत. मागचं अंग जरा हललं, दामिनीनं स्टिअरिंग सोडलं-धरलं, आणि गाडी वळण कापून सरळ निघून गेली. नंबर काही आला नाही. तिच्या पुढं बरेच जण होते आणि त्यातल्या दोघांकडं पंखच नव्हता, हेही सांगायला पाहिजे. पंख काही जादू नाही. गाडी फिरली नाही, एवढंच त्याचं काम होतं आणि तेवढं त्यानं केलं.

शेजारच्या गाडीचा पोरगा नारळ घेऊन आला. "काका, तुमच्या गाडीले कोणतं यंत्र बसवलं? आमची लय घसरते."

खुशालराव त्याच्याकडं बघून म्हणाले, "नारळ फोड बेटा, खोबरं बी खाऊ. पण आदी पाना घे, चाकाचे नट पाह्य, टायर पाह्य. आन कोणी सांगितलं का माह्याकडं चमत्कार हाये, तं त्याच्याशी भांडू नोको. त्याले इतकंच म्हण, बुवा, हाच चमत्कार बाजूच्या गाडीवर बी करून दाखव. आन मंग मागून जाऊन सोताच्या डोयानं पाह्य. थोडी धूळ खावं लागते, पण खा."