लपवण्यासारखं काही नाही

उशी... फोनवरची ती लहान, विटकी उशी लीनने उचलली आणि वफीका दचकून पुढे झाली. फोन कधीचाच बंद पडलेला. तरी उशी होतीच – तारेतून ऐकणाऱ्यांना खोलीतलं काही कळू नये म्हणून आईने शिवलेली.

"आत्या, दमास्कसमध्ये फोनलाही थंडी वाजते का गं?" भाची हसली.

भावाची, मुहन्नदची मुलगी. त्याला गुप्त पोलिसांनी नेलं तेव्हा ही आईच्या पोटात होती. तो परतलाच नाही. ही बर्लिनमध्ये वाढली आणि आता सरकार पडल्यावर पहिल्यांदाच या घरात आली होती. बाबा कसा होता, एवढंच तिला हवं होतं.

"आमच्याकडे फोटोसुद्धा नाही गं. काहीतरी सांग. हसायचा कसा?"

"आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही," वफीका म्हणाली.

आणि स्वतःच चपापली. हे काय बोलले मी? कुणाला?... इतकी वर्षं हेच – दारात आलेल्या साहेबांना, शेजारणीला, शाळेत मुख्याध्यापिकेला – भाऊ? नाही हो, मला भाऊ नाही – झोपेत नाव तोंडून निघू नये म्हणून दिवसासुद्धा त्याला आठवायचं नाही. फोटो आईने शेगडीत घातले, चेहरा मी घातला... मन असं घासूनपुसून ठेवलं की कुणीही यावं, खुशाल झडती घ्यावी.

आता तिने धडपडून आत पाहिलं. काहीच नाही. मग... गच्ची. कबुतरं. एक पांढरं त्याच्या खांद्यावर, आणि आई खालून ओरडतेय, "अरे, कबुतरवाले म्हणजे थापाडे, त्यांची साक्षसुद्धा कोर्टात कुणी धरत नाही!" आणि तो हसतोय, पुढचा दात तुटलेला, शीळ घालताना हवा निसटतेय – होता! मला भाऊ होता! आनंदाने तिला रडू फुटायला आलं. ओठ उघडले.

"तो मोबाइल जरा उलटा ठेव."

लीनने तो बंद करून पिशवीत टाकला. "झालं? पळाले गं ते, आत्या. कुणी ऐकत नाहीये. सांग ना."

इतकी का मागे लागलीय ही? कॉफीला हात लावलेला नाही. आल्यापासून एकच प्रश्न... आणि मुहन्नदचीच कशावरून? नाक तर त्याचं नाही – आणि वफीकाला एकदम कळलं, आपण या पोरीकडे कसे बघतोय ते. असेच डोळे बारीक करून दारातले ते साहेब आपल्याकडे बघायचे. तिला स्वतःची शिसारी आली. सांग बाई, एवढं एक सांग, तिच्या बापाचं आहे ते...

लीन वाट पाहत होती. वफीकाने तिचा हात घट्ट धरला. शीळ कानात स्पष्ट वाजत होती, आणि तोंड उघडत नव्हतं.