देठातली अंडी

मित्रांनो, मी पाण्याकाठी उडणारी एक म्हातारी टाचणी आहे. चतुर नव्हे हं! तो आमचा धिप्पाड भाऊबंद, बसला तरी पंख पसरून बसतो. मी काडीएवढी, हिरवट, पंख मिटून बसणारी. आता माझ्या पंखांच्या कडा फाटल्यात. उडायचं म्हटलं की नको वाटतं.

माझं बालपण कारखान्यामागच्या तळ्यात गेलं. चिखलात राहायचं आणि डासांच्या अळ्या खायच्या. एका सकाळी लव्हाळ्यावर चढले, जुनी कात टाकली आणि उडाले. तळ्याची देखभाल करणाऱ्या माळीकाकांच्या बायकोने, माळीकाकूंनी, मला पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, बघा तरी, किती नाजूक आहे!" माळीकाकांनी मानसुद्धा वर केली नाही.

आम्ही अंडी उघड्यावर टाकत नाही. पाण्यातल्या झाडाच्या देठाला बारीक चीर पाडायची आणि एकेक अंडं आत ठेवायचं. अर्धी पाण्यात बुडून मी हे काम केलं. जीव अगदी मेटाकुटीला आला.

आणि लगेच कारखान्याच्या साहेबांनी हुकूम सोडला, तळं आरशासारखं लख्ख हवं! काकांनी तळ्यातली सगळी झाडं विळ्याने कापली आणि काठावर उन्हात रचली. त्यातच माझी अंडी. मी वेड्यासारख्या घिरट्या घातल्या. "ही टाचणी काय डोकं खातेय!" काका वैतागले.

पण काकूंना त्या ढिगातले फुलांचे चार देठ आवडले. त्यांनी ते बादलीभर पाण्यात घालून तळ्याकाठच्या आपल्या खोलीच्या पायरीवर ठेवले. नशीब माझं, अंडी त्याच देठांत होती. मी मागोमाग गेले आणि तिथेच राहिले. फुलं कोमेजली. अंडी फुटली, पिल्लं पाण्यात वळवळू लागली.

आज संध्याकाळी काका बादलीत डोकावले. "अगं, अळ्या झाल्यात यात! डास होतील. ओत ते मोरीत."

"सकाळी ओतते हो. पाठ धरलीय माझी," काकू म्हणाल्या आणि आत जाऊन पडल्या.

डास? अहो, डासांना खाणारी पिल्लं आहेत ती! पण माझं ऐकतंय कोण? थकले रे मित्रांनो. पाणी टाकायचंच तर तळ्यात टाका, एवढंच माझं मागणं आहे. तळं बोडकं झालंय, तरी माझी पिल्लं तिथे तग धरतील. मोरी जवळ आहे आणि तळं चार पावलं लांब, हेही मला कळतं. काकूंची पाठ खरंच दुखतेय. म्हणून म्हणते, सकाळी त्या उठायच्या आत बादली तुम्हीच उचला.