थंड भट्टी आणि दोन कानांचा कप

मी भट्टी बोलतेय. मातीची भांडी भाजणारी, विजेवरची. कारखान्यात चाचणीपुरती एकदा तापले, तेवढंच माझं तारुण्य. तेव्हापासून थंडगार. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

आजी-आजोबांच्या या केंद्रात मला आणलं तेव्हा थाट काय वर्णावा! इस्पितळवाल्यांनी मला विकत घेतलं, बँकेने खोली सजवली, कलासंस्थेने शिकवणाऱ्या बाईंचा वर्षभराचा पगार उचलला. तिघांनी माझ्या अंगावर आपापली पाटी ठोकली, खांद्याला खांदा लावून फोटो काढले. मग वायरमन आला आणि घोडं अडलं. "एवढ्या भट्टीला वेगळी जोडणी लागते. ती कोण करणार?"

इस्पितळवाले म्हणाले, ते खोलीच्या खर्चात येतं. बँक म्हणाली, ते यंत्राच्या खर्चात येतं. कलासंस्थेला वाटलं होतं, भट्टी लावली की झालं. माणसं वाईट नाहीत हो. बैठकीत एकमेकांना "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करतात, आणि उठून जातात.

बाईंनी तरी वर्ग चालवला. शिंपीआजोबा त्यात सगळ्यांत हट्टी. त्यांच्या बायकोची बोटं संधिवाताने वाकलेली. साधा कप तिच्या हातून सुटतो, चहा आजोबांनी पाजावा लागतो, आणि ते तिला मुळीच खपत नाही. म्हणून आजोबांनी जन्मभराच्या सवयीने टेप लावून तिच्या बोटांचं माप घेतलं आणि दोन मोठ्या कानांचा कप घडवला. सुकवून माझ्या पोटात ठेवला. रोज दार उघडून मला हात लावतात. "अजून गारच का गं?"

काय सांगू त्यांना? माझी मी पेटू शकत नाही. फार लाज वाटते.

परवा बाईंचं वर्ष संपलं. आजोबांनी कप बाहेर काढला.

बाई म्हणाल्या, "आजोबा, कच्चा आहे तो. चहा ओतलात की चिखल होईल."

"ठाऊक आहे गं पोरी. नुसता धरू दे तिला. बसतो का बघतो."

आज ते परत आले. कप रुमालात गुंडाळलेला. खोलीत कुणी नव्हतं, म्हणून मलाच सांगितलं, "बसला गं. बरोब्बर बसला. पण आता ती त्यात चहा मागतेय."

कप आत ठेवून त्यांनी दार हळूच लावलं.

पाटीवाल्या धन्यांनो, हवी तर आणखी एकेक पाटी ठोका, माझ्या दारावर जागा आहे. पण तेवढी वायर जोडा. तिकडे आजी चहासाठी थांबली आहे.