गट्टूंखाली गाडलेली अर्थिंगची तार

मी एक जुनी तार आहे, मित्रांनो, आणि माझी गोष्ट गमतीची नाही. ऐकताना कुणाचा राग आला तर येऊ द्या. मलाही येतो.

मी लोखंडाची आहे, वरून जस्ताचा मुलामा. जाडीला बॉलपेनच्या रिफिलीपेक्षा जराशी जास्त. बावीस वर्षांपूर्वी बुलढाण्याचे लक्ष्मीकांत वायरमन मला पिशवीत वेटोळं करून, दोन बस बदलून सुलतानपूरला घेऊन आले. पंजाबरावांचं नवं घर होतं. लक्ष्मीकांतांनी अंगणात छातीएवढा खड्डा खणून घेतला, त्यात लोखंडी पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मीठ थरांनी भरलं. माझं एक टोक त्या पाइपाला बांधलं, दुसरं भिंतीवरून नेऊन घरातल्या बोर्डात एका पितळी पट्टीवर कसलं. त्या पट्टीपासून पुढं माझ्या हिरव्या फांद्या घरभर गेल्या, प्रत्येक तीन भोकांच्या प्लगपर्यंत.

बोर्डात माझ्याखेरीज दोघं होते. एक फेज, तो करंट घेऊन येतो. दुसरा न्यूट्रल, तो करंट परत घेऊन जातो. मी काहीच करत नाही. ना दिवा लावते, ना पंखा फिरवते. पण कुठं वायर सोलली आणि करंट एखाद्या यंत्राच्या पत्र्यात उतरला, तर त्याला धरून सरळ जमिनीत नेणं माझ्याकडे. माणसाच्या अंगातून जाण्याआधी त्यानं माझ्यातून जावं, एवढ्यासाठी मी.

लक्ष्मीकांत निघताना पंजाबरावांशी बोलले नाहीत, घरच्या बाईशी बोलले. "सिंधूताई, उन्हाळ्यात आठवड्याले एक बकेट पानी या खड्ड्यात टाकत जा. माती सुकली का या तारेचा काही उपयोग नाई."

सिंधूताईंनी ते मनावर घेतलं. दर रविवारी सकाळी बादली घेऊन यायच्या. शेजारच्या अन्नपूर्णाबाई कुंपणावरून बोलायच्याच.

"काय व सिंधूताई, पिन्याले पानी नाई अन् तू मातीले पाजून राह्यली? काय उगवनार हाय तिथं, बल्ब?"

"उगवला तं पह्यला तुलेच देईन, माय."

एकदा मिक्सरची वायर आतून सोलली. सिंधूताई ओल्या हातानं चटणी वाटत होत्या. करंट पत्र्यात उतरला, तसा मी तो ओढून जमिनीत नेला आणि फ्यूज फटकन उडाला. पंजाबराव फ्यूजला शिव्या देत उठले. सिंधूताईंना काहीच कळलं नाही, चटणी पाट्यावर वाटून झाली. माझं काम चांगलं झालं की कुणाला काही कळत नाही. त्याचं मला वाईट वाटलं नाही. ती चटणी वाटत होती ना, बस.

मग त्यांच्या मुलाचं, अश्वजितचं, लग्न ठरलं. अश्वजित हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. हे लक्षात ठेवा. लग्नाचा मांडव अंगणात पडणार, तर अंगणात धूळ नको म्हणून गट्टू बसवायचं ठरलं, ते सिमेंटचे रंगीत ठोकळे असतात ना, तेच. जमीन सपाट करताना एका मजुराची कुदळ माझ्यावर बसली आणि माझे दोन तुकडे झाले.

मजूर थांबला. भला माणूस होता. "सर, इथं काहीतरी तार तुटली बाप्पा."

अश्वजितनं वाकून पाहिलं. फळ्यावर दरवर्षी तीन पिनांच्या प्लगची आकृती काढणारा, वरची जाड पिन कशाची ते पोरांकडून पाठ करून घेणारा माणूस. म्हणाला, "जुनी हाय. असू दे. परवा मांडव हाय."

माझा पाइप, माझा कोळसा, माझं मीठ, सगळं गट्टूंखाली गेलं. रविवारी सिंधूताई बादली घेऊन आल्या आणि लाल-पिवळ्या ठोकळ्यांकडे पाहत उभ्या राहिल्या.

"अरे अश्वजित, मी आता पानी कुठं टाकू?"

"आई, आता कोनी तसं पानी-बिनी टाकत नाई. मोरीत टाक."

मित्रांनो, तुटलेली तार ओरडत नाही. दिवे लागत होते, पंखे फिरत होते. घरात काही बिघडलं आहे हे कळायला दोन महिने गेले. मे महिन्यात कूलर काढला. लोखंडी पत्र्याचा, उंच, गवताच्या जाळ्यांचा. त्यात हातानं पाणी भरावं लागतं, आणि ते काम सिंधूताईंचं. पहिल्याच दिवशी त्यांच्या बोटांना झिणझिण्या आल्या. कूलरच्या मोटारीतून थोडाथोडा करंट पत्र्यात झिरपत होता. पूर्वी मी तो न्यायचे. आता मी कुठं नेणार?

घरानं यावर काय उपाय केला असेल? रबरी चप्पल! कूलरशेजारी एक जोड कायमचा ठेवला. पाहुणा आला की पंजाबराव आधी चहा विचारायचे, मग सांगायचे, "कूलरकडे गेले तं ते चप्पल घालजा." आणि पाहुणाही म्हणायचा, "हाव, आमच्याकडे पाट ठेवतो आम्ही." कुणालाही यात वावगं वाटलं नाही. घरात साप दिसला तर लोक सापाला बाहेर काढतात की सोफ्यावर पाय घेऊन बसतात? इथं तीन उन्हाळे पाय वर घेऊनच बसले होते सगळे.

शेवटी सुनेनं, समतानं, हट्ट धरला. समता नर्स आहे, बोलते कमी, पण धरलेलं सोडत नाही. गावातले गुलाबराव वायरमन आले. हसतमुख माणूस, तोंडात सुपारी, खिशात टेस्टर. त्यांनी बोर्ड उघडला आणि ओळखलं की अर्थिंग मेलं आहे. "खड्डा कुठं हाय?" त्यांनी विचारलं. अश्वजितनं गट्टूंकडे हात केला. "आता ते उकरत बसता का, गुलाबराव? दुसरं काही करा."

गुलाबरावांनी दुसरं केलं. बोर्डात दोन पितळी पट्ट्या शेजारी-शेजारी असतात, एक न्यूट्रलची, एक माझी. त्यांनी दोन इंचांचा तांब्याच्या तारेचा तुकडा कापला आणि त्या दोन पट्ट्या एकमेकींना जोडून टाकल्या. मग होल्डरला दोन वायरी लावलेला बल्ब काढला, एक वायर फेजला, एक माझ्या पट्टीला. बल्ब लख्ख पेटला.

"पाहा पंजाबराव! अर्थिंग एकदम कडक."

ते अर्थिंग नव्हतं. बल्ब न्यूट्रलच्या जोरावर पेटला होता. माझं टोक मातीखाली तसंच तुटलेलं होतं. पण पत्र्यात झिरपणारा करंट आता न्यूट्रलनं परत जाऊ लागला आणि झिणझिण्या थांबल्या. पत्र्यावर टेस्टर पेटेना. सगळे खूश झाले, आणि सिंधूताईंनी ती चप्पल भंगारवाल्याला देऊन टाकली.

आता नीट ऐका. करंट फेजनं येतो, पंख्यातून, फ्रिजमधून जातो आणि न्यूट्रलनं परत खांबाकडे जातो. समजा खांबावर न्यूट्रल तुटला. पंखा बंद, दिवा बंद, फ्रिज बंद. घरातला माणूस म्हणतो, लाईन गेली. पण लाईन गेलेली नसते. फेज येतच असतो. पंख्यातून, फ्रिजमधून पार न्यूट्रलच्या पट्टीपर्यंत येऊन करंट तुंबून उभा असतो, कारण पुढचा रस्ता तुटला आहे. आणि त्या पट्टीला कुणीतरी मला जोडून ठेवलेलं असतं.

सिंधूताईंची एक सवय होती. तुमच्या आईचीही असेल. लाईन गेली की त्या कूलर भरून घ्यायच्या. "लाईन नाई तवाच भरून घ्यावं, जिवाले धोका नाई." गावातल्या सगळ्या बायका असंच करतात आणि मुलींना असंच शिकवतात.

गेल्या मे महिन्यातला मंगळवार होता, दुपारचे दोन. अख्ख्या गल्लीचे कूलर चालू. खांबावरचा आमच्या एकट्या घराचा न्यूट्रलचा सांधा तापून तापून तुटला. पंखा थांबला. पंजाबराव खाटेवर पडल्यापडल्या म्हणाले, "गेली वाटते लाईन."

"बरं झालं," सिंधूताई म्हणाल्या. "कूलर भरून घेते."

त्यांनी बादली उचलली. पाय उघडे, फरशी ओली. डावा हात त्यांनी आधारासाठी कूलरच्या पत्र्यावर ठेवला.

मित्रांनो, तो करंट कूलरपर्यंत कुणी नेला? फेजनं नाही. न्यूट्रल तर तुटलेला होता. तो दोन इंचांच्या तुकड्यावरून माझ्या पट्टीवर आला आणि माझ्या हिरव्या फांदीतून कूलरच्या पत्र्यात गेला. मी नेला. जिनं मला इतकी वर्षं पाणी पाजलं, तिच्या हातापर्यंत मी नेला. मला थांबता येत नाही. मी तार आहे.

बादली पडली. पंजाबराव धावले तोवर त्या खाली कोसळल्या होत्या, हात पत्र्यावरून सुटला होता. त्यांना उचलताना पंजाबरावांना काही लागलं नाही. कांदा फोडून नाकाशी धरला, पाणी शिंपडलं. डॉक्टर आले, म्हणाले, खूप ऊन आहे, वय आहे. गावानं ठरवलं, सिंधूताई उन्हानं गेल्या. संध्याकाळी लाइनमननं खांबावर सांधा जोडला, दिवे लागले, टेस्टर लावला तर काहीच नाही. सगळं निर्दोष!

अंघोळ घालताना समतानं सासूचा डावा तळवा पाहिला. मधोमध कडक पांढरा ठिपका, भोवती राखाडी कडा. नर्स होती ती.

"हा करंटचा डाग हाय," ती नवऱ्याला म्हणाली.

"समता, लाईन गेलती."

"आपली गेलती. अन्नपूर्णाबाईच्या घरी मिक्सर चालू होतं, मी विचारलं त्याहीले. गल्लीची गेली नाई तं आपलीच काऊन गेली?"

"आई गेली माही. तुले आता तपास करायचा हाय?"

तो ओरडला. तिनं कूलरची पिन वायरसकट सोडवून कपाटात कुलपात ठेवली. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे सिंधूताईंच्या श्रद्धांजलीच्या, दिवशी घर माणसांनी भरलं, बेचाळीस डिग्रीचं ऊन. पाहुणे पत्रिकेनं वारा घेत कूलरकडे पाहत होते. कुणीतरी म्हणालंच, "सून लय कडक दिसते, हवा बी देत नाई." समतानं ऐकून घेतलं. पिन दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेतली आणि अंगणातले गट्टू उपटायला लागली.

"यडी झाली काय बे ही!" अश्वजित धावला. "लोक पाहून राह्यले!"

"पाहू द्या."

ती चुकीच्या जागी खणत होती. मी चार पावलांवर मातीखाली होते, पण तारेला हाक मारता येत नाही. तेव्हा पंजाबराव खाटेवरून उठले. चालत आले, एका पिवळ्या ठोकळ्यावर पाय ठेवला.

"तिथं नाई, पोरी. इथं. ती इथं पानी टाके."

तीन ठोकळे निघाले आणि माझं गंजलेलं टोक वर आलं. कुदळीचा घाव तसाच होता. पंजाबरावांनी ते टोक हातात धरलं, मग मान वर करून मुलाकडे पाहिलं. अश्वजित तिथंच मातीत बसला. "म्याच म्हटलं होतं असू दे म्हनून," तो म्हणाला.

समतानं गुलाबरावांना बोलावलं. त्यांनी बोर्ड उघडला, तो तुकडा पाहिला, खाली मातीतलं टोक पाहिलं. तोंडातली सुपारी थुंकून आले. माणूस वाईट नव्हता, म्हणून तर मला जास्त राग येतो. वाईट माणसाला लोक दारात उभं करत नाहीत. याला चहा देऊन घरात घेतात.

"ताई, मी मुद्दाम नाई केलं. मले असंच शिकवलं. अर्थिंग सापडत नाई तिथं मी असंच करतो, सारेच करतात."

"किती घरं केली अशी?"

गुलाबराव बोटांवर मोजू लागले, मग मोजायचे थांबले. "या गावातली चाळीस तरी असतीन."

समता दोन पावलं पुढं आली. मला वाटलं, आता मारते याला. ती मोरीवर गेली, हाताची माती धुतली, परत आली.

"आधी हे नीट करा. मंग पह्यलं घर कोनाचं ते दाखवा."

तो तुकडा निघाला. मला नवा सांधा बसला, नवा खड्डा झाला. बोर्डात एक डबी आली आहे, करंट कुठं गळला की क्षणात लाईन तोडणारी. तेव्हापासून दर रविवारी समता आणि गुलाबराव गावात फिरतात. अश्वजित मागून सब्बल घेऊन जातो. काही घरं दार उघडतात. काही जण म्हणतात, "तुमची सासू उन्हानं गेली, आमच्या घरात काऊन अपशकुन करता?" अन्नपूर्णाबाईंनी मात्र पहिल्याच दिवशी अख्खं अंगण खणू दिलं आणि कुंपणाशी बसून रडल्या. आजवर सतरा घरं झाली. तेवीस राहिली आहेत, आणि पुन्हा मे येतो आहे.

मित्रांनो, तुमचं घर त्या तेवीसांत नाही हे तुम्हाला कोणी सांगितलं? बोर्डाला तुम्ही हात लावू नका, ते जाणत्या वायरमनचं काम. पण घरी विचारा, आपली अर्थिंगची तार जमिनीत कुठं जाते? बोट ठेवून दाखवा म्हणा. 'असेल कुठंतरी' हे उत्तर घेऊ नका. झिणझिण्या आल्या तर चप्पल शोधू नका, आरडाओरडा करा. आणि लाईन गेलेली असो की नसो, पिन काढल्याशिवाय कुणालाही कूलरमध्ये पाणी भरू देऊ नका. आडवे व्हा. मोठी माणसं रागावतील. रागावू द्या. रागवायला ती घरात असली पाहिजेत.